स्पीकर वाढवू नका, आधी भिंतींकडे बघा

सभागृहाच्या विश्वस्त मंडळास एका साऊंडवाल्याचे खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व विश्वस्त यांस,
स. न. वि. वि.

आपल्या सभागृहाच्या नोटीस बोर्डावर नवा ठराव लागला आहे. कार्यक्रमांत बोललेले कळत नाही अशा तक्रारी येतात, म्हणून सध्याचे स्पीकर काढून दुप्पट ताकदीचे नवे बसवायचे. ते बसेपर्यंत बाहेरून येणाऱ्या साऊंडवाल्यांकडून अनामत घ्यायची आणि तक्रार आली की ती कापायची. ठराव एकमताने मंजूर झाल्याचेही खाली लिहिले आहे.

मी त्या बाहेरून येणाऱ्यांपैकीच एक. सांगलीत हा धंदा आमच्या घरात वडिलांपासून आहे. त्यांच्याकडे आहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन भोंगे होते, माझ्याकडे डिजिटल मिक्सर आहे. शिव्या दोघांनी सारख्याच खाल्ल्या. कीर्तन, शाळेचे गॅदरिंग, हौशी नाटक, सत्कार, शोकसभा असे सगळे आपल्या सभागृहात मी केले आहे, आणि दर वेळी मागून कुणीतरी ओरडतेच, "ओ साऊंडवाले, आवाज वाढवा की!" वाढवला की त्याच रांगेतले आजोबा कानावर हात ठेवतात. अनामत कापली जाणार म्हणून मला राग आहे, तो लपवत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की तुम्ही लोकांच्या देणगीतले लाखो रुपये अशा वस्तूवर घालणार आहात जिच्यामुळे तक्रार कमी होणार नाही, वाढेल. हे आधी सांगितले नाही असे नंतर कुणी म्हणू नये, म्हणून उघड लिहितो. सभागृहाचे नाव घेत नाही. सांगलीकरांना ते कळेलच, आणि बाहेरच्यांनी आपापल्या तालुक्यातले नवे चकचकीत सभागृह डोळ्यांसमोर आणले तरी चालेल.

पहिल्यांदा तुमची बाजू. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि अर्ध्या गावात पाणी शिरले. आपल्या सभागृहातही शिरले. ओसरल्यावर मी आत आलो होतो. गाद्यांच्या खुर्च्या फुगून उसवलेल्या, कार्पेटला बोटभर गाळ, भिंतींवरचे लाकडी तक्ते सुटून लोंबत होते आणि त्यांच्या मागचा लोकरीसारखा भराव काळा पडून खाली बसला होता. वास तर महिनाभर गेला नाही. २०२१ ला पुन्हा पूर आलाच. अशा वेळी "आता धुता येईल असेच बसवा" असे कुणी म्हटले तर त्यात चूक काय? काहीच नाही. घर वाहून गेलेला माणूस पुढच्या वेळी सिमेंटचेच बांधतो.

पण धुता येईल असे बसवताना काय काय गेले याची यादी कुणी केली नाही. कार्पेट गेले, तिथे व्हिट्रिफाइड फरशी आली. गादीच्या खुर्च्या गेल्या, प्लॅस्टिकच्या आल्या. बाजूच्या भिंतींवर लाकूड आणि भराव होता, तिथे पीव्हीसीची तकतकीत पॅनल आली. मागच्या भिंतीवर काळा ग्रॅनाईट आला आणि त्यावर देणगीदारांची नावे कोरली गेली. वर पीओपीचा घुमट केला, मधोमध झुंबर. फोटोत सगळे देखणे दिसते. ऐकताना मात्र त्यातली एकही वस्तू आवाज गिळत नाही, सगळ्या परत फेकतात.

कोणताही पृष्ठभाग त्याच्यावर पडलेल्या आवाजातला काही भाग खातो आणि उरलेला परत पाठवतो. जाड पडदा, लोकर, गादी, माणसाचे कपडे यांच्या बारीक छिद्रांत हवा आत-बाहेर करताना घासते आणि आवाजाची ताकद उष्णतेत जाते, इतकी थोडी की हाताला कळणार नाही. गुळगुळीत दगडात हवेला शिरायला वाव नसतो. गिलावा, ग्रॅनाईट, फरशी, काच हे शंभरातले दोन-तीन भाग खातात आणि सत्त्याण्णव परत देतात. परत आलेला आवाज समोरच्या भिंतीवर जातो, तिथूनही सत्त्याण्णव टक्के परत. सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धावणारा आवाज १५ मीटर रुंदीच्या हॉलमध्ये एका सेकंदात तेवीसेक वेळा भिंतींवर आपटतो. तोवर बोलणारा पुढची चार अक्षरे बोलून मोकळा झालेला असतो.

आता नवे स्पीकर आणा. शब्द दुप्पट जोराने निघेल आणि त्याची मागे राहिलेली शेपूटही दुप्पट जोराची होईल. दोघांतले प्रमाण तेच राहील. मोरी तुंबलेली असताना नळ मोठा सोडला तर न्हाणीघर धुतले जात नाही, भरते. तुमचा ठराव नळ मोठा करण्याचा आहे.

हे मी अंदाजाने बोलतो असे वाटू नये म्हणून हिशेब देतो. कुणीही तो कागदावर करून पाहावा. सभागृह ढोबळमानाने २५ मीटर लांब, १५ रुंद आणि ८ उंच धरा. आत ३,००० घनमीटर हवा. फरशी, छत आणि चार भिंती मिळून सुमारे १,४०० चौरस मीटर. त्यातला शंभरात तीन या दराने खाल्लेला भाग म्हणजे ४२ चौरस मीटर. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, तेव्हा एवढ्या मोठ्या हॉलचे सगळे पृष्ठभाग मिळून ४२ चौरस मीटरच्या उघड्या खिडकीइतकेच काम करतात. घनफळाला ०.१६१ ने गुणून या आकड्याने भागले की आवाज दहा लाखाव्या हिश्शावर यायला किती सेकंद लागतात ते मिळते. रिकाम्या हॉलचे उत्तर अकराच्या वर येते. प्रत्यक्षात स्टेजचे पडदे, विंगा, दारे आणि हवाही थोडे खातात, म्हणून इतके होत नाही. पण रिकाम्या हॉलमध्ये फुगा फोडा, सावकाश पाच मोजून होतात तरी शेपूट ऐकू येते. भाषणासाठी हा आकडा एकाच्या आसपास हवा.

आता माणसे बसवा. कपडे घातलेला, बसलेला माणूस साधारण अर्धा चौरस मीटर खातो. दीडशे माणसे आली तर एकूण ११७, आणि वेळ चार सेकंद. पाचशे आली तर २९२, आणि वेळ दीड-पावणेदोन सेकंद. या दोन आकड्यांत आपल्या सगळ्या भांडणाचे मूळ आहे. उद्घाटनाच्या दिवशी हॉल खचाखच भरला होता, लोक उभे होते. त्या दिवशी तुम्हाला आवाज बरा वाटला, कारण भिंतींचे काम प्रेक्षकांचे सदरे आणि साड्या करत होत्या. मंगळवारी संध्याकाळी दीडशे माणसांसमोर व्याख्यान असते तेव्हा विश्वस्त मंडळातले कुणी शेवटच्या रांगेत बसलेले मी पाहिलेले नाही.

जुन्या गादीच्या खुर्चीचा हाच उपयोग होता. माणूस आला नाही तरी त्याच्या वाटचे पुष्कळसे खाणे रिकामी खुर्ची खात असे. तालमीत जसा आवाज तसाच प्रयोगात. ती खुर्ची नुसती बसायची सोय नव्हती.

यावर कुणी म्हणेल, थोडे घुमले तर काय बिघडते, गाण्याला बरेच असते. गाण्याला थोडे घुमणे लागते हे खरे. मोठ्या वाद्यवृंदाला दोन सेकंदही शोभतात. बोलण्याचे तसे नाही. मराठीत अर्थ व्यंजनांवर चालतो आणि क, त, प, स, च ही अक्षरे निमिषात संपणारी, ताकदीने किरकोळ. स्वर लांब आणि जोरकस. आधीच्या अक्षराचा 'आ' हवेत तरंगत असताना पुढचा 'त' येतो आणि त्याच्याखाली बुडतो. गेल्या गॅदरिंगला एका चिमुरडीचे वाक्य होते, "आजी, पाणी ताटात आलं!" पुरावरचेच नाटुकले होते ते. शेवटच्या रांगेत पोहोचले ते "आई, आई आआत आअं". पोरीने ते खणखणीत म्हटले होते, माझ्या हेडफोनमध्ये अक्षर न अक्षर स्वच्छ होते. तिच्या आईने मात्र मध्यंतरात येऊन मलाच विचारले, "माईक नीट नव्हता का हो दादा?"

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आपण सगळ्यांनी पेढे वाटले. त्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो झणझणीत गुंजारव, आपल्या सभागृहात तिसऱ्या रांगेपलीकडे जात नाही. मागे पोहोचते ती नुसती घूं. द्रुत तीनतालात तबलजी काय वाजवतोय ते त्याचे त्यालाच मॉनिटरवरून (कलाकाराकडे तोंड केलेल्या स्पीकरवरून) कळते, रसिकांना गुळण्या ऐकू येतात.

आता एकेक तक्रार.

मागची ग्रॅनाईटची भिंत. स्टेजवरून निघालेला आवाज २५ मीटर जाऊन २५ मीटर परत येतो, म्हणजे ५० मीटर. वेळ साधारण एक सप्तमांश सेकंद. प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला एक दशांश सेकंद पुरतो, हे नववीच्या विज्ञानात शिकवतात. त्यामुळे वक्त्याला आपलेच शब्द उशिरा परत ऐकू येतात, आणि स्वतःचा आवाज इतक्या उशिराने कानी पडला की भल्याभल्यांची जीभ अडखळते. आपल्याकडचे प्रमुख पाहुणे भाषणात चाचरतात ते तयारी नसते म्हणून नव्हे. (काहींची नसतेही, तो भाग वेगळा.) देणगीदारांविषयी मला आदर आहे, पण त्यांच्या नावांवर आपटून आवाज परत येतो. ती शिळा बाहेरच्या व्हरांड्यात लावली तर नावे चार माणसे जास्त वाचतील.

घुमट. शाळेच्या सहलीला विजापूरचा गोलघुमट न पाहिलेला सांगलीकर विरळा. तिथे कुजबुज पलीकडच्या बाजूला ऐकू येते, टाळी पुन्हापुन्हा वाजते, आणि पोरे ओरडून ओरडून रखवालदाराला वैताग आणतात. ती आदिलशहाची कबर आहे, तिथे कुणी भाषण ऐकायला जात नाही. आतून पोकळ वळणाचा पृष्ठभाग आवाज एका जागी गोळा करतो. आपल्या पीओपीच्या घुमटाचा गोळा मधल्या रांगांच्या डोक्यावर पडतो. तिथे बसणाऱ्याला एक शब्द समोरून आणि एक वरून येतो, आणि व्हीआयपी पास नेमके तिथलेच असतात. म्हणून तर ठराव इतक्या लवकर झाला, असे मला राहून राहून वाटते.

बाजूच्या भिंती. दोन्ही समोरासमोर, सरळ आणि गुळगुळीत. मधोमध उभे राहून टाळी वाजवा, 'टर्रर्र' अशी खुळखुळ्यासारखी ऐकू येते. साऊंडवाल्याला माईकची शिट्टी तिथेच छळते. मी आवाज खाली घेतो तो याच भीतीने, आणि लोकांना वाटते मला ऐकू येत नाही.

थर्माकोल. गेल्या वर्षी तक्रारी आल्यावर बाल्कनीखाली थर्माकोलच्या पाट्या चिकटवल्या. थर्माकोलचे मणी बंद असतात, हवा आत शिरतच नाही. आवाजासाठी ते जवळजवळ भिंतच. अंड्यांचे ट्रे लावण्याची सूचनाही पुढे आली होती असे ऐकतो. ती मागे पडली, बरे झाले.

तेलरंगाचे मात्र विसरता येत नाही. बाल्कनीखाली जुन्या काळच्या भोकाभोकांच्या टाइल होत्या. पुराचे पाणी तिथवर चढले नव्हते, म्हणजे एवढी एकच कामाची वस्तू वाचली होती. रंगकाम निघाले तेव्हा तिच्यावरही दोन हात तेलरंग मारला. जवळ जाऊन बघा, भोकाभोकात रंगाचे थेंब सुकून बसलेले दिसतात. छिद्रे बुजली की त्या टाइलचे काम संपले. रंगारी बिचारा सांगितले ते करून गेला.

आणि कानाला मशीन लावणारी मंडळी. ज्येष्ठ नागरिकांचे कार्यक्रम आपल्याकडेच होतात. मशीन शब्दाबरोबर शेपूटही मोठी करून कानात ओतते. पहिल्या-दुसऱ्या रांगेतले किती जण मध्येच मशीन काढून खिशात ठेवतात, ते स्टेजवरून दिसते. आवाज वाढवल्याने त्यांना त्रासच होईल.

हे ज्ञान काही काल-परवाचे नाही. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने नवे व्याख्यानगृह बांधले आणि त्यात कुणाचे बोलणे कुणाला कळेना. एका शब्दाची शेपूट साडेपाच सेकंद. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला दुरुस्ती सांगितली. त्याने भोंगे वाढवले नाहीत. जवळच्या नाट्यगृहातल्या बाकांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, मांडायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, बंद करायची आणि आवाज विरायला लागणारा वेळ मोजायचा. पहाटेपर्यंत गाद्या जागेवर परत. वर दिलेला ०.१६१ चा हिशेब त्याच्याच सूत्राचा. १९०० मध्ये उघडलेला बोस्टनचा सिंफनी हॉल त्याच्या सल्ल्याने उभा राहिला आणि आजही जगातल्या उत्तम सभागृहांत गणला जातो. आपल्याकडेही सभागृहांच्या ध्वनिरचनेसाठी आयएस २५२६ हे भारतीय मानक १९६३ पासून आहे. नूतनीकरणाच्या निविदेत त्याचा उल्लेख होता का, एवढे तरी सांगावे.

१८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले ते याच गावात, माईकशिवाय. आपण दर ५ नोव्हेंबरला त्याची आठवण काढतो आणि नाट्यपंढरी म्हणून मिरवतो. मिरवायला माझी हरकत नाही, पण नाट्यपंढरीत नटाचे वाक्य दहाव्या रांगेला कळले पाहिजे.

आता तुमचा खरा प्रश्न, पुराचा. पुन्हा गाद्या-कार्पेट घातले आणि पुन्हा पाणी आले तर? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही आहे. पाणी खालून चढते, आवाज मात्र वर-खाली सगळीकडे आपटतो. तो खालीच खाल्ला पाहिजे असे काही नाही. पुराची खूण अजून खांबावर आहे. तिच्या खाली फरशी, ग्रॅनाईट, प्लॅस्टिक जे धुता येईल ते राहू द्या. तिच्या वर, भिंतींच्या उरलेल्या उंचीत आणि छताला, दोन इंची रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) आणि त्यावर कापड किंवा भोकांचा तक्ता बसवा. असे २०० चौरस मीटर बसवले आणि ते शंभरातले ऐंशी खाऊ लागले तर वरचा हिशेब असा बदलतो : दीडशे माणसांत चार सेकंदांचे पावणेदोनच्या आसपास, भरलेल्या हॉलमध्ये एकाच्या जवळ. एक स्पीकर न बदलता.

मागण्या सांगतो.

नव्या स्पीकरची खरेदी थांबवा. भिंतींचे काम झाल्यावरही कमी पडले तर अवश्य घ्या, मीच यादी देईन.

ध्वनिरचनेच्या जाणकाराकडून हॉल एकदा रिकामा आणि एकदा अर्धा भरलेला असताना मोजून घ्या आणि तो अहवाल नोटीस बोर्डावर लावा. स्पीकर विकणाऱ्याकडून फुकट मोजून घेऊ नका.

पहिले काम मागच्या भिंतीचे आणि घुमटाचे करा. पैसे कमी असतील तर एवढेच करा, बाजूच्या भिंती पुढच्या वर्षी. घुमट काढणे जमत नसेल तर त्याखाली शोषक तक्ते टांगता येतात. झुंबराचे काय करायचे ते तुम्ही ठरवा.

बाजूला पडदे लावणार असाल तर जाड कापडाचे, चुण्या घालून आणि भिंतीपासून वीतभर पुढे, काढून ठेवता येतील असे. पुराचा इशारा आला की गडी ते तासाभरात उतरवून वरच्या मजल्यावर नेतील. पातळ कापड ताणून भिंतीला चिकटवू नका. त्याने वरचे स्वर जातात आणि खालचा घुमारा तसाच राहतो, आणि मग लोक म्हणतात साऊंडवाल्याने बेस जास्त दिला.

स्वस्तातला फोम बिलकुल नको. जळाला की त्याचा धूर माणसे मारतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आपण सगळ्यांनी पाहिले आहे. जे बसवाल ते आगीला टिकणारे आहे याचा कागद मागा.

तेलरंगाने बुजलेल्या टाइल बदला, आणि यापुढे रंगकाम काढताना कशावर रंग मारायचा नाही हे ठेक्यात लिहा.

अनामतीचा ठराव मागे घ्या. हॉल मोजून झाल्यावर आकडे चांगले आले आणि तरीही माझा आवाज वाईट लागला, तर कापा, मी तोंड उघडणार नाही.

पत्राची एक प्रत माझ्या नाव-पत्त्यासह आपल्या कार्यालयात दिली आहे आणि पोच घेतली आहे. पुढच्या सभेला बोलावलेत तर हिशेबाचे कागद घेऊन येईन. फक्त वेळ दुपारची ठेवा, लग्नसराई आहे आणि सकाळी टेम्पोतून माल उतरवायचा असतो.

कळावे,
आपला,
एक साऊंडवाला
सांगली